नागोबा उंबरठ्याच्या आत येतो तेव्हा

श्रावण शुद्ध पंचमीच्या सकाळी वाईच्या गंगापुरीत, मधल्या आळीत, गणपती आळीत किंवा रामडोहाकडे कोणत्याही जुन्या घरात डोकावावे. पाटावर गंधाने रेखाटलेला नवनागांचा मेळा दिसतो, त्यापुढे लाह्या, दूध आणि गूळ-खोबऱ्याची वाटी असते, आणि माजघरात उकडलेल्या पुरणाच्या दिंडांचा वास दरवळत असतो. चुलीवर तवा चढत नाही, विळीला हात लागत नाही, शिवारात नांगर उभा असतो. आदल्या दिवशी, म्हणजे चतुर्थीला, माताभगिनींनी भावासाठी उपवास धरलेला असतो. कारण या सणात नागोबा हा देव आहे तसाच भाऊही आहे. माहेरवाशिणीचे हे माहेर असे फणा काढून पाटावर बसलेले असते.

आता याच घरात आठ दिवसांनी, दिवेलागणीच्या सुमारास, मोरीच्या तोंडाशी काही तरी सळसळते. 'जनावर निघाले' अशी हाक उठते. ज्या हाताने पाटावर गंध लावले त्याच हाताला परसातली काठी आठवते. पाच-दहा माणसे जमतात, कोणी घासलेट आणा म्हणतो, कोणी उकळते पाणी. बहुतेक वेळा तो प्राणी धामण असते, दिवड असतो, नाही तर पालींच्या मागे आलेला कवड्या असतो. पण मरतो तो 'नाग' म्हणूनच. आणि कधी कधी तो खरोखरीचा नाग किंवा मण्यार असतो, आणि मग मरतो तो साप नव्हे, घरातले माणूस.

सणाच्या पानावर हा अमंगळ विषय कशाला, असे एखाद्या वाचकास वाटेल. परंतु आम्हांला असे वाटते की नागपंचमी ही या विषयाला टाळण्याची नव्हे, तर तो काढण्याचीच तिथी आहे. कारण या व्रताची जी कहाणी घरोघर सांगितली जाते, तिचा आरंभच एका अपघाताने होतो. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ वारुळात शिरतो, नागिणीची पिल्ले मरतात, आणि ती संतापून त्याच्या घरादाराचा नाश करीत सुटते. शेवटी परगावी दिलेली त्याची लेक तिला भेटते, ती पाटावर नाग काढून पूजा करीत बसलेली. आणि तेथे नागिणीचा राग निवतो. माणसाने नकळत सापाचे घर मोडले, सापाने माणसाचे. कहाणीत दोघांचेही दुःख खरे आहे, आणि दोघांतील कोणालाही दुष्ट ठरविलेले नाही. ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते.

महाभारताच्या आदिपर्वातील आस्तिकाची कथाही याच वळणाची. परीक्षितीला तक्षकाने दंश केला म्हणून जनमेजयाने सर्पसत्र मांडले. सर्पकुळे अग्नीत येऊन पडू लागली. ते सत्र थांबविले आस्तिकाने. हा आस्तिक कोण? पिता जरत्कारू ऋषी, आणि माता वासुकीची बहीण. म्हणजे दोन्ही कुळांचे रक्त ज्याच्या अंगात आहे, त्यानेच मध्ये पडून हा संहार आवरला. आजही रानात किंवा अंगणात साप दिसला की 'आस्तिक, आस्तिक' असे पुटपुटणारी वडील माणसे आहेत. त्या नामोच्चाराने साप जातो की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू. परंतु तो उच्चार करणारा माणूस तेवढा क्षणभर जागच्या जागी उभा राहतो, काठी उचलीत नाही, एवढा लाभ उघड आहे.

वाईची माती, वाईचे वाडे

साप घरात का येतो, याचे उत्तर वाईसारख्या गावात शोधायला दूर जावे लागत नाही. एका बाजूस कृष्णामाई, सभोवार पांडवगड-वैराटगडाच्या डोंगररांगा, धोमच्या पाण्यावर भिजणारी उसाची व हळदीची राने, पश्चिमेकडे भाताची खाचरे. जेथे पाणी व धान्य आहे तेथे उंदीर आहे, आणि जेथे उंदीर आहे तेथे साप आहे. गणरायाच्या पायाशी बसलेला मूषक आणि त्याच्या उदराभोवती गुंडाळलेला नाग यांचे नाते आपल्या मूर्तिकारांनी एकाच मूर्तीत दाखवून ठेवले आहे. 1762 मध्ये सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधविलेल्या ढोल्या गणपतीचे दर्शन घेताना आम्हांला अनेकदा हा विचार सुचला.

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते. बेडूक बाहेर पडतात, उंदीर कोरड्या जागी, म्हणजे आपल्या घरात, येतात, आणि त्यांच्या मागोमाग येतो तो. म्हण आहे 'आयत्या बिळावर नागोबा', आणि ती अक्षरशः खरी आहे. साप स्वतः बीळ खणत नाही. त्याला तसे पायही नाहीत आणि नखेही नाहीत. वारूळ बांधतात वाळव्या, बीळ खणतात उंदीर-घुशी. तो फक्त राहायला येतो. म्हणून आपल्या घरात बिळे किती आहेत हा पहिला प्रश्न, आणि साप किती आहेत हा दुसरा.

आमच्याकडच्या जुन्या वाड्यांची बांधणी यास किती अनुकूल, हे कोणीही पाहावे. खाली घडीव दगडांचे जोते, दगडांच्या सांध्यांतील चुना केव्हाच झडलेला. वर पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, त्यांत घुशींनी पोखरलेली भगदाडे. मागील दारी मोरी, तिचे तोंड थेट गटारात. परसात सरपणाची रास भिंतीला टेकून, शेजारी गोवऱ्यांचा उडवा, त्याला लागून कोंबड्यांचे खुराडे. वापरात नसलेल्या खोल्यांत मोडकी पाळणी, ट्रंका, फाटकी पोती. वाडा म्हणजे वैभव खरे. परंतु चार पिढ्यांची वाटणी होऊन कुलुपे पडलेल्या खोल्या हे वैभव नव्हे. मुले पुण्या-मुंबईस गेली, मागे म्हातारी दोन माणसे राहिली, अशा घरांतून हा प्रश्न अधिक बिकट होतो, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

आणि श्रावणाच्या सुमारासच तो का वाढतो? नागीण उन्हाळ्यात अंडी घालते आणि साधारण दोन महिन्यांनी ती फुटतात; घोणस तर अंडी न घालता एका वेळी वीस-तीस, कधी त्याहूनही अधिक, जिवंत पिल्लांना जन्म देते, तेही पावसाच्या तोंडावर. म्हणजे आषाढ-श्रावणात शिवार पिल्लांनी भरलेले असते. पंचमीला नांगरू नये, खणू नये, हा निर्बंध याच ऋतूत का पडला असावा, याचा शास्त्रीय अर्थ काढण्याचा मोह पुष्कळांना होतो. आम्ही तेवढे धाडस करीत नाही. पूर्वजांनी असे योजून केले याला पुरावा नाही. पण निर्बंधाचा परिणाम त्या मुक्या जीवांच्या हिताचा होतो, हे मात्र डोळ्यांना दिसते. जाता जाता एक सूचना: पिल्लू म्हणून कोणी त्याला हातात घेऊ नये. विषारी सापाचे पिल्लू अंड्यातून निघाल्या दिवसापासून विषारी असते.

चार नावे घरातील प्रत्येकाला पाठ असावीत

महाराष्ट्रात सापांच्या पुष्कळ जाती आहेत. परंतु माणसांचे बहुसंख्य मृत्यू ज्यांच्यामुळे होतात त्या चारच: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग फणा काढतो, फुत्कारतो, म्हणजे आधी बजावतो. घोणस जाड, अंगावर साखळीसारखे गोल ठिपके; डिवचली की कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज करते. फुरसे वीतभर ते हातभर, खडकाळ रानातले. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर करते. हे तिघेही आपापल्या परीने सूचना देतात.

मण्यार देत नाही. काळीभोर, तकतकीत, अंगावर पांढऱ्या बारीक रेघा, बहुधा जोडीजोडीने. दिवसा ती निपचित पडून असते; रात्री हिंडते. घरात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात ती येते, आणि झोपेत कूस पालटताना अंगाखाली सापडली की चावते. तिचे दात इतके बारीक की पुष्कळदा खूण दिसत नाही, सूज येत नाही, आग होत नाही. मनुष्य पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो. घरचे ओवा-हिंग देतात. थोड्या वेळाने पापण्या जड होतात, बोलणे बोबडे होते, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास अडतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या निरोगी माणसाला पहाटे अकारण पोटदुखी आणि पापण्या मिटणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर साप कोणी पाहिला नसला तरी दवाखाना गाठलाच पाहिजे. या एका वाक्यासाठी हा लेख कोणी कापून ठेवला तरी आम्हांला समाधान वाटेल.

मण्यारीसारखाच दिसणारा एक बिनविषारी साप घरात फार येतो, तो कवड्या. तो भिंती चढतो, पाली खातो. त्याचे पट्टे मानेकडे ठळक व शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे उलट, मानेजवळ पट्टे नसतात आणि शेपटीकडे ते स्पष्ट होतात. परंतु हा भेद दुरून, जमल्यास उजेडात पाहायचा. खात्री करून घेण्यासाठी जवळ जाऊ नये. न्हाणीघरात गांडुळासारखा, पण चकचकीत व चपळ असा जो दिसतो तो वाळा. त्याला कोणी घाबरू नये आणि मारू तर मुळीच नये. आणि धामण ही शेतकऱ्याची खरी राखणदार. तिच्या शेपटीत विष असते, ती म्हशीचे दूध पिते, या गोष्टी कोणी कितीही शपथेवर सांगितल्या तरी खऱ्या नव्हेत.

दुधाचा विषय निघालाच आहे तर तोही बोलून टाकू. साप दूध पीत नाही. दूध हे पिल्लांना पाजणाऱ्या प्राण्यांचे अन्न. सापाचे अन्न उंदीर, बेडूक, सरडे. जुन्या काळी पंचमीला दारोदार येणाऱ्या गारुड्याच्या टोपलीतला नाग वाटीला तोंड लावी, कारण त्याला कित्येक दिवस उपाशी व तहानेला ठेवलेले असे, दात उपटलेले असत. पूजेनंतर त्यातील बहुतेक मरत. ज्याची आपण पूजा केली त्याचे पुढे काय झाले हे पाहण्यास त्या टोपलीमागोमाग कोणी गेले नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा प्रकार दंडनीय झाला, आणि 2022 च्या दुरुस्तीने नागाला त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस बसविले. नैवेद्याचे दूध पाटावरच्या नागाला दाखवून घरातील बालकास द्यावे. आम्हांला त्यात धर्माची काही हानी दिसत नाही.

शिराळ्याची गोष्ट

सातारा-सांगलीच्या वाचकांपुढे नागपंचमीविषयी लिहावे आणि बत्तीस शिराळ्याचे नाव काढू नये, हे शक्य नाही. सांगली जिल्ह्यातील या गावी पंचमीपूर्वी काही दिवस तरुण मंडळी रानोमाळ हिंडून नाग धरीत, मडक्यांत ठेवीत, पंचमीला अंबामातेच्या दर्शनास नेत, मिरवणूक काढीत, आणि नंतर जेथे धरले तेथे सोडीत. दात काढण्याचे क्रौर्य आपण करीत नाही, आपण त्याला पाहुण्यासारखे वागवतो, असा शिराळकरांचा अभिमान. लाखो लोक ते पाहण्यास लोटत. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2002 च्या आदेशानंतर निर्बंध आले, आणि 2014 पासून जिवंत नागांची पूजा व मिरवणूक कसोशीने बंद झाली. 2025 मध्ये केंद्र शासनाने शैक्षणिक हेतूने, मर्यादित प्रमाणात व अटी घालून नाग पकडण्यास अनुमती दिली. प्रदर्शन व मिरवणूक त्यात नव्हती.

शिराळकरांचे दुःख आम्हांला समजते. परंपरा तुटणे ही घरातील वडील माणूस जाण्यासारखीच गोष्ट आहे. तथापि त्या गावची आख्यायिका आम्ही पुन्हा वाचकांपुढे ठेवतो. गोरक्षनाथ भिक्षेस आले तेव्हा महाजनांच्या घरातील गृहिणीला भिक्षा वाढावयास उशीर झाला, कारण ती नागाची पूजा करीत होती. तो नाग कशाचा होता? मातीचा. नाथांनी विचारले, जिवंत नागाची पूजा करशील काय? आणि तेथून जिवंत नागाची प्रथा आली, असे सांगतात. म्हणजे शिराळ्याचीही मूळ पूजा मृत्तिकेचीच. आज तेथे मातीचा नाग पालखीत बसतो, तेव्हा ती परंपरा तुटली म्हणावी की आपल्या उगमाशी परत गेली म्हणावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचा कल कोठे आहे तो वाचकांनी ओळखला असेलच.

घराची बंदिस्ती

साप येऊ नये म्हणून घराभोवती फिनेल ओतणे, कार्बोलिक ॲसिडच्या बाटल्या ठेवणे, चुन्याची रेघ मारणे, लसूण-वेखंड टांगणे, हे सर्व उपाय गावोगाव चालतात. त्यांतील एकाही उपायाचा भरवसा धरू नये. साप त्या रेघेवरून सरळ निघून जातो. आणि कार्बोलिक ॲसिडने सापाऐवजी घरातले लहान मूल भाजते. गारुडी विकतात त्या मुळ्यांबद्दल आम्ही काही लिहीत नाही, कागद वाया जाईल.

उपाय साधे आहेत आणि कष्टाचे आहेत. दिवाळीच्या साफसफाईस आपण जेवढे महत्त्व देतो तेवढे ज्येष्ठातील साफसफाईला दिले, तर अर्धे काम होते. मृग लागण्यापूर्वी जोत्याच्या दगडांचे सांधे सिमेंटने किंवा चुन्याने भरून घ्यावेत. भिंतीतील बिळे काचांचे तुकडे व खडी घालून लिंपावीत, कारण नुसती माती घूस एका रात्रीत उकरते. मोरीच्या व पन्हळीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी. दाराखालची फट बोट जाईल एवढी असली तरी साप येतो. तेथे रबरी पट्टी किंवा लाकडी फळी ठोकावी. उंबरठा काढून 'सपाट' दारे करण्याची नवी पद्धत शहरात ठीक आहे. खेड्यातल्या घराला उंबरठा हवा. त्यावर लक्ष्मी उभी राहते हे तर खरेच. शिवाय दाराच्या फळीला खाली टेकायला जागा मिळून फट उरत नाही.

सरपण, गोवऱ्या, विटांचे ढीग भिंतीपासून दूर, आणि जमिनीपासून हातभर उंच मांडवावर रचावेत. सरपण काढताना आधी काठीने हलवावे, मग हात घालावा. हाताला होणारे किती तरी दंश या एका घाईने होतात, आणि ते बहुधा स्त्रियांना होतात. खुराडे रात्री नीट लावावे. अंगणात धान्य सांडू देऊ नये, उष्टे-खरकटे परसात फेकू नये. पत्र्याच्या कोठीत धान्य ठेवले तर उंदरांचे निम्मे निमित्त संपते. कौलांवर टेकलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या छाटाव्यात. रात्री परसात जाताना बॅटरी घ्यावी आणि पायांत पादत्राण असावे. दंश बहुतांशी घोट्याच्या आसपास होतो.

आणि झोपावे खाटेवर. खाट नसेल तर जमिनीवर, पण मच्छरदाणी लावून, तिच्या कडा अंथरुणाखाली चोहोबाजूंनी खोचून. हा उपाय इतका स्वस्त आहे की त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. मण्यारीपासून जीव वाचविणारे याहून मोठे कवच आम्हांला माहीत नाही, आणि डास न चावणे हा वरचा लाभ.

तरीही तो आलाच तर

प्रथम मुलांना, जनावरांना व कुत्र्याला त्या खोलीतून बाहेर काढावे. आतली दारे लावावीत, फटींत गोणपाट कोंबावे, बाहेरचे दार उघडे ठेवावे. एका मोठ्या माणसाने दुरून, सात-आठ हातांवर उभे राहून, तो कोठे जातो यावर नजर ठेवावी. नजर चुकली की मग अख्खा वाडा पालथा घालावा लागतो. उकळते पाणी, धूर, घासलेट यांतील काहीही करू नये. घाबरलेला साप बाहेर जाण्याऐवजी आत दडतो. बहुतेक वेळा त्याला वाट मोकळी मिळाली की तो निघून जातो. न गेल्यास वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर दूरध्वनी करावा, किंवा गावातील जाणत्या सर्पमित्रास बोलवावे.

जाणत्या, हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला. चांगला सर्पमित्र कसा ओळखावा? तो सापाला जवळजवळ हात लावीत नाही. हातात आकडी असते, आणि एक रुंद नळी, जिच्या दुसऱ्या टोकाला कापडी पिशवी बांधलेली असते. नळीचे तोंड तो सापापुढे धरतो. सापाला ते बीळ वाटते आणि तो आपण होऊन आत जातो. पाच मिनिटांत काम होते, पाहणाऱ्यास ते काहीसे निराशाजनकच वाटते. उलट जो नागाला शेपटीला धरून अंगणात नाचवितो, फण्याचे चुंबन घेतो, गळ्यात घालून छायाचित्रे काढवितो, त्याला पुन्हा बोलावू नये. असे कित्येक धाडसी तरुण महाराष्ट्राने गमावले आहेत. त्यांच्या आयांचा विचार टाळ्या वाजविणाऱ्यांनी करावा.

धरलेला साप दूरच्या घाटात नेऊन सोडा, असा आग्रह गावकरी धरतात. हा आग्रह समजण्यासारखा असला तरी चुकीचा आहे. परक्या मुलुखात सोडलेला साप भटकत राहतो. त्याला बिळे ठाऊक नसतात, भक्ष्य कोठे ते ठाऊक नसते, आणि तो बहुधा मरतो किंवा दुसऱ्या कोणाच्या घरी निघतो. वस्तीपासून थोड्या अंतरावरील ओढ्याकाठी, त्याच परिसरात त्याला सोडणे योग्य. आणि डूख? मारलेल्या नागाची नागीण माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड घेते, या समजुतीवर चित्रपट पुष्कळ निघाले. पण सापाला असे ध्यानात ठेवण्याची बुद्धी निसर्गाने दिलेली नाही.

वानरे, वटवाघळे आणि आग्या मोहोळ हेही आमच्या गावाचे रहिवासी, पण वानरांविषयी लिहायचे तर निराळे पानच लागेल. वटवाघळांपुरते इतकेच सांगतो, की ती पोटमाळ्यावर राहतात म्हणून धूर करू नये. पिल्ले उडती झाल्यावर एखाद्या संध्याकाळी सर्व बाहेर पडली की फटी बुजवाव्यात, ती दुसरे घर शोधतात. घुबडाला तर हात लावू नये. लक्ष्मीचे ते वाहन एका रात्रीत जेवढे उंदीर मारते तेवढे मांजराने मारले तर आपण त्याला दूधभात घालू.

पान लागले तर

आपल्याकडे 'साप चावला' असे अभद्र न बोलता 'पान लागले' असे म्हणत. पण पान लागल्यावर पुढे काय करीत, ते आठवणे सुखाचे नाही. देवळात नेऊन निजविणे, मांत्रिकाकडून उतरवून घेणे, कडुनिंबाचा पाला चारणे. त्यातून जे वाचले ते बहुधा बिनविषारी सापाचे, किंवा विष न टोचलेल्या दंशाचे. त्यांच्या वाचण्याने मांत्रिकाची कीर्ती वाढली, आणि त्या कीर्तीने पुढची माणसे मेली. देशात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली असा संशोधकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाकाठी 58 हजारांच्या आसपास. आणि त्यांतील बहुतेक खेड्यांत, पावसाळ्याच्या दिवसांत. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले, आणि 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कार्यक्रम भारत सरकारने 2024 मध्ये जाहीर केला.

यावर औषध एकच, सर्पविषावरील लस. तिच्या जन्माची हकीकत आपल्या पावसाळ्याशी जुळणारी आहे. 1891 साली सायगावच्या मुलुखात पूर आला, नाग घरांत शिरले, माणसे दगावली. त्यावरून पाश्चर यांच्या परंपरेतील फ्रेंच वैद्य आल्बेर काल्मेट यांनी प्रतिविषाचा शोध सुरू केला आणि त्याच दशकात ते सिद्ध केले. सापाचे विष अगदी थोडे थोडे घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात त्यावर मारा तयार होतो, तोच शुद्ध करून माणसाला देतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम महाराष्ट्रात रुजविले. तमिळनाडूत इरुळा जमातीच्या सर्पपकड्यांनी 1978 मध्ये सहकारी संस्था काढली. ते साप धरतात, विष काढून घेतात आणि सापाला पुन्हा रानात सोडतात. नागाच्या विषावर उतारा देतो तो नागच.

आमच्याच सह्याद्रीच्या पलीकडे महाडला डॉ. हिंमतराव बावसकर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून दाखविले. त्यांचा लेख 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि ज्या विंचवाने कोकणात घरेच्या घरे ओस पाडली होती त्याचे भय पुष्कळ ओसरले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाटावर नागाशेजारी विंचूही काढण्याची ज्या घरांत चाल आहे, त्यांनी हे ध्यानी ठेवावे.

दंश झाला तर मग करावयाचे काय? माणसाला आडवे निजवावे, धीर द्यावा, चालवू नये. अंगठ्या, बांगड्या, पैंजण लगेच काढावेत, कारण सूज चढली की ते रुततात. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तशी फळी सैलसर बांधून तो भाग हलू देऊ नये. घट्ट दोरी आवळू नये. त्याने पाय कुजतो. चिरू नये, तोंडाने ओढू नये, बर्फ लावू नये, काही खायला-प्यायला घालू नये. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा शेजाऱ्याची मोटार, जे आधी मिळेल त्याने सरकारी रुग्णालय गाठावे. जाण्यापूर्वी लस व कृत्रिम श्वासाची सोय कोठे आहे हे दूरध्वनीने विचारले तर वेळ वाचतो. साप मारून बरोबर नेण्याची आवश्यकता नाही, त्या खटपटीत दुसऱ्याला दंश होतो. दुरून छायाचित्र मिळाले तर पुरे. नाही मिळाले तरी अडत नाही, कारण आपल्याकडील लस त्या चारी सापांवर चालते, आणि डॉक्टर लक्षणांवरून ठरवितात. घोणशीच्या किंवा फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. म्हणून काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवतात, आणि ते पातळच राहिले की लस सुरू करतात.

डॉक्टरांना मात्र चार गोष्टी नीट सांगता आल्या पाहिजेत: दंश किती वाजता झाला, कोठे झाला, नंतर कोणकोणती लक्षणे कोणत्या क्रमाने दिसली, आणि गावठी औषध काही दिले काय. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लोक लाजून दडवितात. ते दडवू नये.

दुर्दैवाने शेतकरी कुटुंबातील कोणी दगावलेच, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाचा समावेश आहे आणि 2 लाख रुपयांचे साहाय्य मिळते. त्यासाठी दवाखान्याचे कागद लागतात. मांत्रिकाच्या ओट्यावर मेलेल्या माणसाचे कागद नसतात.